चापाखालची पट्टी

मागच्या नोव्हेंबरात ओहायोच्या एका बाईंचा निरोप आला. कानातले पोचले, फोटोपेक्षाही छान आहेत, पण फार दाबतात; तासाभरात काढून पर्समध्ये टाकावे लागले. तुम्ही जुन्या खोट्या दागिन्यांच्या धंद्यातल्या, तुमच्याकडे काही युक्ती असेल तर सांगा. मी रात्रीची भांडी आवरत होते. हात पुसले आणि तिथेच उभ्या उभ्या उत्तर टाकलं: औषधाच्या दुकानात कापडी चिकटपट्टी मिळते, त्वचेच्या रंगाची. चापाच्या आतल्या बाजूला बसेल एवढा गोल तुकडा कापा आणि चिकटवा. जास्त दुखत असेल त्या कानाला दोन थर लावा. उत्तर गेलं, मी नळ पुन्हा सोडला, आणि कढई घासताना हात थांबला. बरोबर असेच गोल तुकडे त्याच कानातल्यांच्या चापांवर होते. मीच ते तीन आठवड्यांपूर्वी काढले होते. नखाने, तेलाने, कापसाच्या काडीने, चांगली चाळीस मिनिटं खर्चून.

हे काही मी त्यांना कळवलं नाही.

ते कानातले ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या एका घरातून आले होते. घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की इथे अमेरिकेत घर आहे तसं उघडून सगळं विकायला काढतात. शनिवारी सकाळी सातला दाराशी चिठ्ठीवर नंबर घेऊन उभं राहायचं, आठला आत शिरायचं. डांबराच्या गोळ्या, अंगाला लावायची पावडर आणि बंद हीटरची धूळ यांचा मिळून एक वास अशा घरांना असतो आणि नऊ वर्षांत मला एकही घर त्याला अपवाद सापडलेलं नाही. प्रत्येक वस्तूला किमतीची चिकटी लावलेली. अर्ध्या वापरलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या गुंडाळीलासुद्धा पन्नास सेंट. सुरुवातीला मला त्या फॉइलकडे बघवायचं नाही. आता मी तिच्यावरून सरळ झोपण्याच्या खोलीकडे जाते, कारण दागिने तिथे असतात. खरे दागिने घरच्यांनी आधीच नेलेले असतात. उरतात ते आमचे.

कपाटाच्या खालच्या खणात बटर बिस्किटांचा तो निळा गोल डबा होता. सांगलीत आमच्या आईकडे अशाच डब्यात सुयादोरे असतात, इथेही बहुतेक घरांत तेच असतं, त्यामुळे बाकीच्यांनी तो उघडलाच नसावा. मी झाकण बोटभर उचललं, आत पाहिलं आणि परत लावलं. या कामात डोळ्यांपेक्षा चेहरा जास्त सांभाळावा लागतो. दाराशी बसलेल्या मुलीने डबा हलवून खुळखुळ ऐकली आणि चाळीस डॉलर म्हणाली. मी घासाघीस केली नाही. तिला संशय येईल म्हणून करायला हवी होती खरं तर.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुना पांढरा टॉवेल पसरला आणि डबा उपडा केला. गुंतलेल्या साखळ्या, एका पायाचा पोपट, बटणं, एक जपमाळ, मणी ओघळलेले तीन सर आणि त्या सगळ्यात ही पानांच्या आकाराची सोनेरी जोडी. मागे मुकुट, त्याखाली ट्रायफारी या जुन्या अमेरिकन कंपनीचं नाव, शेजारी वर्तुळातला सी. चापांच्या आत ते तुकडे. कडा काळ्या पडलेल्या, मधे पिवळट झालेल्या, पण कापलेल्या अगदी सुबक. नखं कापायच्या छोट्या कात्रीने कापल्या असाव्यात. एका चापाला एकच थर होता, दुसऱ्याला दोन. म्हणजे त्या बाईंचा एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त दुखत होता. कोणता ते मला सांगता येणार नाही, चापाच्या कानातल्यांना डावं-उजवं असतंच असं नाही. जुन्या वेळच्या बायका फोन घेताना एका कानातलं काढून हातात धरायच्या म्हणे. एका कानाला मधूनमधून अशी सुट्टी मिळत असेल, दुसऱ्याला नाही. एवढं सगळं तेव्हा माझ्या मनात आलं होतं. तरी मी बशीत तेल घेतलं आणि कामाला लागले.

कारण विक्रीच्या पानावर ‘स्थिती’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चापाला जुन्या डिंकाचे अवशेष’ असं लिहिलं की दहा-बारा डॉलर गेलेच. स्वच्छ केलेली जोडी अडतीसला गेली.

आईला मी काय करते हे अजून नीट पटलेलं नाही. दर रविवारी फोनवर विचारते, “अजून ते खोट्याचंच करतेस का गं?” इथे याला कॉस्च्युम ज्वेलरी म्हणतात, म्हणजे कपड्यांवर शोभणारे, पोशाखाचे. आपल्याकडे सरळ खोटे दागिने. मधल्या काळात बेंटेक्स म्हणायची पद्धत पडली, मग एक ग्रॅम आलं, पण घरातल्या घरात बोलताना ‘खऱ्यातलं की खोट्यातलं’ हाच प्रश्न असतो. आईचं म्हणणं एका वाक्यात आटपतं: खोट्याला मोड नाही. सोन्याची बांगडी पिचली, तुटली, फॅशन गेली तरी तिची मोड येते; घडणावळ बुडते, तूट जाते, पण धातू उभा राहतो. खोट्या बांगडीचं तसं काही नाही. कथील, शिसं, पितळ, काच आणि वर केसाएवढा मुलामा, सगळं वितळवलं तर दोन डॉलरही हाती येणार नाहीत. अडतीस डॉलरांतले साडेसदतीस निव्वळ बघणाऱ्याच्या नजरेचे आहेत. आई बेचाळीस वर्षं बँकेतल्या माणसाबरोबर संसार केलेली बाई आहे. तिला असा पैसा कच्चा वाटतो.

मलाही कधी कधी वाटतो. पण नजरेचंही शास्त्र असतं, आणि ते शिकताना मला जी मजा आली ती कॉलेजात कधी आली नव्हती. जोडी हातात घेतली की आधी मागची बाजू बघायची. पुढची बाजू फसवते. काच चमकते, आपण भुलतो. मागे खिट्टी कशी आहे, नुसता उघडा आकडा की फिरून बंद होणारी, झाळकाम किती सफाईचं, मुलामा कुठे झिजलाय. ब्रोचवर ‘स्टर्लिंग’ असा चांदीचा ठसा दिसला की बहुतेक वेळा युद्धाचा काळ. १९४२ मध्ये कथलासारखे धातू लढाईकडे वळले आणि खोट्या दागिन्यांच्या कारखानदारांना चक्क चांदीवर मुलामा द्यावा लागला. म्हणजे टंचाईत खोटं जास्त खरं झालं. वर्तुळातला सी दिसला तर वस्तू १९५५ च्या आगेमागची किंवा नंतरची. त्या साली, ट्रायफारीने नकला करणाऱ्या एका कंपनीवर लावलेल्या दाव्यात, न्यायालयाने मान्य केलं की खोटा दागिनाही कलाकृती ठरू शकतो, त्यावर स्वामित्वहक्क लागतो. तेव्हापासून बाकीच्यांनीही तो सी ठोकायला सुरुवात केली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. “म्हणजे खोट्याचंही खोटं करायला बंदी!” त्याच फोनवर मी तिला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या बायकोचंही सांगितलं. १९५३ च्या शपथविधीच्या नाचाला ती ट्रायफारीचे खोटे मोती घालून गेली होती. यावर आई म्हणाली, तिला चालतंय, तिला कोण विचारणार.

इंद्रधनुषी झाक मारणारे खडे असले तर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरचे, कारण स्वारोव्स्की या खडे बनवणाऱ्या कंपनीने काचेवर तो थर चढवायला तेव्हा सुरुवात केली. ‘पश्चिम जर्मनी’ असं कोरलेलं असेल तर ते देशाच्या नकाशावरूनच कळतं. जाड, बदामी-पिवळ्या बांगड्या सापडल्या की मी त्या कढत पाण्यात बुडवून नाकाशी नेते. बेकेलाइट, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक असेल तर औषधी, दवाखान्यासारखा वास येतो. नवरा म्हणतो, तू दागिने हुंगतेस हे कुणाला सांगू नको.

आणि वजन. खोट्यालाही वजन असतं, फक्त ते काट्यावर घ्यायचं नसतं. तळहातावर घेऊन जरा उडवायचं. जुन्या वस्तूला एक बूड असतं, हल्लीच्या वस्तू पोकळ लागतात.

आमचं गाव मॅसॅच्युसेट्समधलं ॲटलबरो. एके काळी इथे दागिन्यांची राजधानी म्हणून पाट्या होत्या. वीस मिनिटांवर प्रॉव्हिडन्स, तिथे पॉइंट स्ट्रीटवर कोरो या दागिन्यांच्या कंपनीचा अवाढव्य कारखाना. इमारत अजून उभी आहे, आत आता कचेऱ्या आहेत. ट्रायफारीचं कामही त्याच टापूत चालायचं. त्यामुळे मी विकते त्यातल्या कितीतरी वस्तू इथेच जन्मलेल्या, इथूनच न्यूयॉर्कच्या दुकानांत गेलेल्या आणि साठ वर्षांनी फिरून इथल्याच कपाटांत सापडणाऱ्या. आमच्या शेजारच्या आजी पोर्तुगीज घरातल्या आहेत. त्या सांगतात, त्यांची आई दिवसा कारखान्यात जायची आणि संध्याकाळी पसरट खोकी घरी आणायची. जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि सगळ्या भावंडांनी कानातले कार्डांवर टोचायला बसायचं, नाहीतर चिमट्याने खडे बसवायचे. मजुरी ग्रोसवर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस नगांचा हिशेब. धाकट्याने खडा उलटा बसवला तर आई डोक्यात टपली मारायची. मला सोलापूरची मावशी आठवली, तिच्या वाड्यात दुपारी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. तिथेही हजारावर मजुरी आणि तिथेही पोरांचे हात चालायचे. मी शेजारच्या आजींना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, विड्यांचा वास यायचा का हाताला? मी म्हटलं, जायचाच नाही. त्या म्हणाल्या, आमच्या हाताला डिंकाचा यायचा.

मी मात्र डिंक पुसते. ग्रोसच्या हिशेबाने घडलेली वस्तू एकीच्या अंगावर राहून राहून तिची होते, आणि मी ती घासूनपुसून पुन्हा कार्डावर टोचल्यासारखी कोरी करून फोटो काढते.

सांगलीला सराफ कट्ट्यावर आजीबरोबर गेल्याची एक आठवण आहे. मी चौथीत असेन. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं आणि आजीच्या मधल्या बोटात त्यांची अंगठी होती. ती तिला सैल व्हायची म्हणून खालच्या बाजूने दोरा गुंडाळलेला. शिवणाचा लाल दोरा, पण भाकरीचं पीठ आणि राख बसून तो तपकिरी, टणक, जवळजवळ लाकडासारखा झालेला. काकाच्या वर्कशॉपला पैसे कमी पडत होते. अंगठी गादीवर ठेवल्यावर सराफाने पहिल्यांदा काय केलं, तर ब्लेडचं अर्धं पान घेऊन दोरा कापला. वाईट हेतू काही नव्हता. वजनात दोरा धरायचा नसतो. मंगळसूत्र वजन करतानाही ते काळे मणी वजा, दोरा वजा असा हिशेब मांडतातच. दोरा सुटून गादीवर पडला तेव्हा त्यातून पिठासारखी भुकटी निघाली. सराफाने ती फुंकरीने उडवली आणि मग पहिल्यांदा अंगठी कसाला लावली. आजीने दोऱ्याकडे पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी पाहिलं, कारण माझी उंची नेमकी गादीएवढी होती.

सराफांच्या गल्लीतली माती झारेकरी झाडून नेतात, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. तेव्हा मला वाटलं होतं, त्या मातीत दोराही जाईल.

आमच्या घरात खऱ्याबद्दल एवढी निष्ठा होती असंही नाही. आत्याचं लग्न चौसष्ट सालचं. छप्पन्न भानगडी तर होत्याच, त्यात आदल्या वर्षी मोरारजींनी चौदा कॅरटचा नियम आणलेला. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोनं. आजी त्याला सोनं म्हणायलाच तयार नव्हती. आत्याच्या अंगावर शेवटी थोडं जुनं खरं, थोडं चौदाचं आणि बरंचसं खोट्यातलं होतं. मांडवात कुणाला काय कळणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं, आणि मांडवात सगळ्यांनाच कळलं होतं. त्यात तिचं नाक बुजलेलं. म्हणून चापाची नथ. ती इतकी चावायची की आजीने दोन्ही टोकांना कापसाची पेळू गुंडाळून दिली, ओलसर, बारीक, बाहेरून दिसणार नाही अशी. त्या पेळूमुळे पकड ढिली झाली आणि पंक्तीत आत्या शिंकली तेव्हा नथ श्रीखंडाच्या वाटीत. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितला जातो. कापसाचा भाग कुणी सांगत नाही. तो मला आत्याने स्वतः सांगितला, पाच वर्षांपूर्वी, नाकाच्या शेंड्याला हात लावून दाखवत.

अमेरिकेत त्या पिढीतल्या बहुतेक बायकांचे कान टोचलेले नसत. कान टोचणं गावंढळ, बाहेरून आलेल्यांचं लक्षण समजलं जाई, ते साठीच्या दशकात पुन्हा रुळलं. त्यामुळे त्याआधीचे कानातले जवळपास सगळे मळसूत्राचे नाहीतर चापाचे. कान सोनाराने टोचावेत हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आयुष्यभर चाप सोसले, असं मी एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमात म्हणाले आणि हशा मिळवला. आता ते वाक्य मला विशेष आवडत नाही.

चापांचा उपयोग मला एकदा फार अनपेक्षित झाला. सहा वर्षांपूर्वी भारतातून येताना गौरींचे मुखवटे आणले. फायबरचे, गोरेपान, डोळे रेखीव. घरी येऊन बघते तर कानाला भोकंच नाहीत. सुईने पाडायला धीर होईना. आदल्या संध्याकाळी मी माझ्या मालाच्या पेटीतून मोत्यांचे दोन जोड काढले, मागे ‘जपान’ असा बारीक ठसा असलेले, आणि चाप दोघींच्या पाळ्यांना लावले. असे बसले की जणू त्यांच्यासाठीच केले होते. आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. “कानातले झकास आहेत. मोती का?” मी म्हटलं, खोटे आहेत. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “आपल्या गौरींच्या ठुश्या तरी कुठे खऱ्या होत्या.” तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवले, कानातले पुसले आणि पेटीत ठेवले. पुढच्या महिन्यात त्यातला एक जोड टेक्ससला गेला, दुसरा पोर्टलंडला. वर्णनात ‘क्वचितच वापरलेले’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं.

खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे, आणि तो पाळणं वाटतं तितकं अवघड नसतं. खडा बदललेला असेल तर बदलला आहे असं लिहिते. काही खड्यांच्या पाठीला चंदेरी पन्नी असते. पाणी शिरलं की ती काळी पडते आणि खडा आतून विझतो. असा विझलेला एक जरी असला तरी मी त्याचा जवळून फोटो टाकते. पितळेवर हिरवं चढलं असेल, म्हणजे भांड्यात ताक कळकतं तसलं, तर ते व्हिनेगर आणि दात कोरायच्या काडीने काढते आणि काढलं हेही लिहिते. नंतर बोटांना जो वास राहतो तो कल्हई उडालेल्या पातेल्याचा. हे सगळं सांगायला जागा आहे. ‘चापाखाली पट्टी होती, काढली’ असं लिहायला मात्र कधी सुचलं नाही. मी ती घाणीत धरली. आणि घाण काढल्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही.

पण किंमत ठरवताना मी कशावर अवलंबून असते? झिजेवरच. हल्ली जुन्या ठशांच्या नव्या नकला येतात, पुढून हुबेहूब. त्या ओळखायच्या तर मागे बोट फिरवायचं. खरोखर वापरलेल्या ब्रोचच्या टाचणीला हलका बाक असतो, कापडात पुन्हा पुन्हा खुपसल्याचा. हाराच्या आकड्यापाशी मुलामा उडालेला असतो, कारण रोज अंगठ्याचं नख तिथेच लागतं. मानेच्या मागच्या बाजूचे मणी पुढच्यांपेक्षा मळकट असतात, घाम आणि अत्तर. या खुणा बघून मी मनात म्हणते, अस्सल. मग अस्सलपणाची खात्री पटली की कापूस घेते आणि जेवढ्या निघतील तेवढ्या काढते. या उलट्यासुलट्या कामाकडे मी नऊ वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. ओहायोच्या बाईंचे कान दुखले नसते तर अजूनही पाहिलं नसतं.

त्या निळ्या डब्यात अजून एक वस्तू होती, ती मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे कारण तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही. शाळेची अंगठी, मुलाच्या बोटाची. इथे शाळा संपताना मुलं अशी अंगठी करून घेतात: मधे रंगीत काच, भोवती शाळेचं नाव, बाजूला साल. आमच्या गावातच बालफोर नावाच्या कंपनीचा या अंगठ्यांचा कारखाना होता, १९१३ साली निघालेला. आता त्या जागेवर नदीकाठची बाग आहे आणि मी तिथे चालायला जाते. ही अंगठी त्यांची की दुसऱ्या कुणाची, हे आतल्या ठशावरून कळलं असतं. पण आतली बाजू जवळजवळ दिसतच नाही. खालच्या अर्ध्या वर्तुळाला लोकर गुंडाळली आहे. अंगोरा सशाची, कधीकाळी निळी असावी. आता राखाडी, लगदा झालेली, फक्त एका जागी घडीत थोडा निळा शिल्लक.

शेजारच्या आजींनी ती हातात घेतली आणि मुलीसारख्या हसल्या. म्हणाल्या, सगळ्या जणी असंच करायच्या. मुलाने आपली अंगठी दिली म्हणजे तुमचं जमलं; ती आपल्या बोटात ढगळ व्हायची, मग लोकर गुंडाळायची. स्वेटरच्या रंगाला जुळणारी. दर आठवड्याला बदलायची आणि अंगोरा दातांच्या ब्रशने फुलवायची. मी विचारलं, तुमच्याकडे होती? त्या म्हणाल्या, दोन होत्या, आणि अंगठी परत माझ्या हातात दिली.

लोकरीच्या कडेशी भिंगातून पाहिलं तर ‘१०’ आणि त्यापुढच्या के चा एक पाय दिसतो. दहा कॅरट. शंभरात एक्केचाळीस-बेचाळीस भाग सोनं. आजीने ते हातातही धरलं नसतं. तरी त्या अख्ख्या डब्यात मोड असलेली हीच एक वस्तू. जाडजूड आहे, आणि सोन्याचा भाव कुठे चाललाय ते सगळ्यांना माहीत आहे. नवरा दर शुक्रवारी विचारतो, ती वितळवायला दिलीस का? प्रॉव्हिडन्सला एक भंगार सोनं घेणारा आहे, माणूस चोख आहे. पण तोही आधी लोकर कापणार. कापल्यावर आत दोन अक्षरं सापडणार, कुणाच्या तरी नावाची, आणि मग ती त्या घरातल्या आडनावाशी जुळतात का हे बघण्याचा मोह मला होणार. जुळली तर एक गोष्ट, नाही जुळली तर दुसरी. दोन्ही मला नको आहेत. या धंद्यात वस्तूला गोष्ट चिकटवून भाव वाढवणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यांचा राग येतो. म्हणून अंगठी माझ्या सुयादोऱ्यांच्या खणात आहे. खण उघडला की लोकरीचा वास येतो. भाव पडेपर्यंत मी थांबणार आहे अशी माझी चेष्टा होते, आणि त्यात तथ्य आहे.

ओहायोच्या बाईंना मी मधेच एकदा लिहायला घेतलं होतं. ‘तुम्हाला सांगायचं राहिलं, या चापांना आधी पट्टी होती’ इथपर्यंत लिहिलं. पुढे काय? त्यांना वाटेल वापरलेलं विकलं म्हणून हिचं मन खातंय. वापरलेलंच तर विकते मी. किंवा वाटेल, ही किळसवाणी माहिती मला का देते आहे. खोडलं.

गेल्या आठवड्यात त्यांचाच निरोप आला. पट्टी लावली, दोन थर लावले, आता दिवसभर घालते, आभार. भाचीच्या लग्नालाही हेच घालणार आहे. खाली एक ओळ होती: पुढेमागे हे कानातले मुलीला द्यायचे झाले तर तो डिंक कसा काढायचा, तेही सांगून ठेवाल का?

हे मला चांगलंच माहीत होतं. मी लिहिलं: बशीत थोडं खाण्याचं तेल घ्या. कापसाची काडी बुडवून पट्टीच्या कडेकडेने फिरवा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. घाई करू नका, मुलामा निघेल.